आधी चरबी उतरवावी की आधी स्नायू वाढवावेत? नवशिक्यांचे अनुभव

वजने उचलायला लागल्यावर थोड्याच दिवसांत बहुतेकांपुढे हा प्रश्न येतो: आधी कटिंग करून, म्हणजे गरजेपेक्षा कमी खाऊन, पोट कमी करावे, की बल्किंग करून, म्हणजे गरजेपेक्षा जास्त खाऊन, अंग भरावे? आपण काय ठरवले, कशावरून ठरवले आणि त्याचा परिणाम कसा दिसला, हे इथे सविस्तर लिहावे. नुसते सल्ले नकोत, मोजमापे दिल्यास उत्तम. सुरुवात मीच करतो.

माझी उंची १७२ सेंमी, वजन ८४ किलो आणि कमरेचा घेर ९८ सेंमी होता. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा हा ठोकताळा लावला, तर मी बराच पुढे गेलो होतो. त्यामुळे आधी चरबी हे ठरवायला फार डोके चालवावे लागले नाही. रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ४०० कॅलरी कमी घेतल्या आणि दर किलो वजनामागे १.६ ग्रॅम प्रथिने मात्र सोडली नाहीत. काटा आठवड्याला तीन-चारशे ग्रॅमनेच खाली येई, पण त्याच काळात माझा स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारलेली बैठक) ४० किलोवरून ७० किलोवर गेला. कमी खाऊन ताकद वाढते कशी, असे मित्र विचारत. सुरुवातीची बरीचशी ताकद मज्जासंस्था ती हालचाल शिकते म्हणून येते, आणि जास्त चरबी असलेल्या नवशिक्याला तर उष्मांक कमी असतानाही थोडे स्नायू बांधता येतात.

*

माझी गोष्ट नेमकी उलटी आहे. उंची १६५ सेंमी आणि वजन ४८ किलो, म्हणजे उतरवण्यासारखे काही नव्हतेच. तरीही पोट सपाट राहावे म्हणून कमी खा, असे सांगणारे भेटलेच. मी गरजेपेक्षा सुमारे २५० कॅलरी जास्त घेऊ लागले. पहिल्याच आठवड्यात वजन एकदम वाढले तेव्हा धसका बसला होता, परंतु वाढलेल्या आहाराबरोबर स्नायूंत ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) साठते आणि ते आपल्याबरोबर पाणीही धरून ठेवते, हे समजल्यावर मी काट्याकडे रोज पाहणे सोडून आठवड्याची सरासरी काढू लागले. व्यायामापेक्षा भूक नसताना जेवणे मला जड गेले.

*

हात काटकुळे आणि पोट पुढे, वजन मात्र तक्त्याप्रमाणे अगदी योग्य, अशा माणसाने काय करावे? मी दोन्हींपैकी काहीच निवडले नाही. उष्मांक गरजेइतकेच ठेवले, प्रथिने वाढवली आणि प्रत्येक स्नायुगटासाठी आठवड्याला दहाएक सेट (एका दमात सलग केलेल्या उचलींचा गट) केले. काटा जागचा हलला नाही. त्याच्यावर विसंबलो असतो तर दुसऱ्याच महिन्यात बेत बदलला असता. त्याऐवजी मी सकाळी, काही खाण्यापूर्वी, श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर टेप लावत असे आणि घेराशेजारीच त्या आठवड्यात उचललेली वजने वहीत लिहीत असे. घेर ९१ सेंमीवरून ८६ सेंमीवर आला, मांडीचा घेर वाढला आणि वजन तेवढेच राहिले. चरबी कमी होऊन स्नायू वाढल्याशिवाय हे तिन्ही आकडे एकत्र जुळणे कठीण आहे. हा मार्ग संथ आहे, हे मात्र मान्य करतो.

*

वरील अनुभवाला पुरवणी जोडते: दोन्ही एकदम साधण्याची ही सवलत कायमची नसते. दुसऱ्या वर्षी माझी बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून वजन छातीवरून वर ढकलणे) ३५ किलोवर अडकून बसली. झोप, विश्रांती, सेट सगळे तपासून पाहिले, आणि मग कुठे आहाराकडे वळले. तोवर घेर उंचीच्या निम्म्याच्या आत आला होता, म्हणून रोज २०० कॅलरी वाढवल्या. व्यायामाचा तक्ता मात्र जसाच्या तसा ठेवला, कारण चरबी उतरवताना आणि अंग भरताना उचलायची वजने वेगळी असतात ही समजूत मला पटत नाही. हलके वजन शंभरदा उचलून चरबी झडते असे सांगणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे. घेर ८० सेंमीच्या वर गेला की वाढवलेल्या कॅलरी बंद करायच्या, एवढी मर्यादा आखून घेतली आहे. सध्या तो ७७ आहे आणि बेंच प्रेस ४० किलोवर पोहोचली आहे.