चॅन स्पर्धेतील ‘स्थानिक’ खेळाडू म्हणजे नेमका कोण?

मध्यरेषा
ऑगस्ट २०२५ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडा यांनी मिळून भरवलेली आफ्रिकन नेशन्स चॅम्पियनशिप, म्हणजेच चॅन ही फुटबॉल स्पर्धा, मी प्रथमच लक्षपूर्वक पाहिली. नैरोबीतील अंतिम सामन्यात मोरोक्कोने मादागास्करला ३-२ असे हरवले. ही स्थानिक खेळाडूंची स्पर्धा आहे हे समजले. परंतु टांझानियातील क्लबकडून खेळणारा युगांडाचा खेळाडू येथे स्थानिक धरला जातो का? शिवाय घाना आणि नायजेरिया यांच्यासारखे नावाजलेले देश ही स्पर्धा आजवर एकदाही का जिंकू शकलेले नाहीत?

डावखुरा
नाही. खेळाडू ज्या देशाचा नागरिक आहे, त्याच देशाच्या लीगमध्ये तो खेळत असला पाहिजे. त्यामुळे आपण म्हणता तो खेळाडू आफ्रिकेतच राहूनही युगांडाच्या संघात बसत नाही आणि नागरिकत्वाअभावी टांझानियाच्या संघातही त्याला स्थान नाही. माझ्या मते हा नियम राष्ट्रापेक्षा लीगची परीक्षा घेतो. २००९ साली कोत द’इव्हवारमध्ये आठ संघांची पहिली स्पर्धा झाली, ती काँगो लोकशाही प्रजासत्ताकाने जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला ट्रेझोर एमपुटू. तो त्याच देशातील लुबुंबाशी शहराच्या टीपी माझेम्बे या क्लबचा. याच क्लबने २००९ आणि २०१० अशी लागोपाठ दोन वर्षे आफ्रिकेची चॅम्पियन्स लीगही जिंकली, हा योगायोग नव्हे.

राखीव खेळाडू
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. घाना आणि नायजेरिया येथील गुणी मुले फार लवकर परदेशी जातात, म्हणून मागे उरलेल्यांतून संघ निवडावा लागतो. तरीही घानाने २००९ आणि २०१४ अशा दोन वेळा, तर नायजेरियाने २०१८ मध्ये अंतिम फेरी गाठली होती, हे विसरू नये. २०१८ च्या त्या सामन्यात मोरोक्कोने नायजेरियाला ४-० असे हरवले आणि अयूब अल काबीने संपूर्ण स्पर्धेत नऊ गोल केले. तेव्हा तो बेर्काने या मोरोक्कन क्लबकडून खेळत होता. पुढे तो परदेशी गेला आणि २०२४ मध्ये ऑलिंपियाकोस या ग्रीक क्लबसाठी युरोपातील कॉन्फरन्स लीगच्या अंतिम सामन्यातील विजयी गोल त्यानेच केला. म्हणजे येथे चमकलेला खेळाडू बहुधा पुढच्या खेपेस अपात्रच ठरतो! मोरोक्कोची तीन विजेतेपदे (२०१८, २०२० आणि २०२४ ची स्पर्धा; यातली शेवटची म्हणजेच ऑगस्ट २०२५ मध्ये झालेली) मला म्हणूनच अधिक मोलाची वाटतात, कारण दर वेळी संघ नव्याने उभा करावा लागतो.

कोपऱ्यातला प्रेक्षक
खेळाडू बाहेर जाण्याचे कारण मला अपुरे वाटते. सेनेगलचेही बहुतेक उत्तम खेळाडू युरोपात आहेत, तरी २०२३ च्या आरंभी अल्जीरियात झालेल्या स्पर्धेत सेनेगलने यजमानांना पेनल्टींवर हरवून विजेतेपद मिळवले. त्या संघातील लामीन कामारा तेव्हा जेनेरासिओन फूट या सेनेगलच्या अकादमी-क्लबचा होता आणि त्याच वर्षी तो फ्रान्समधील मेत्झकडे गेला. जाणाऱ्यांची जागा घेणारी पुढची फळी घरी तयार होते की नाही, हा खरा प्रश्न आहे. अर्थात बाद फेरीत नशिबाचाही वाटा असतो: २०१४ मध्ये लिबियाने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने पेनल्टींवरच जिंकले होते.

मध्यरेषा
आभारी आहे. नियमाचा असा उलटा परिणाम होत असेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आता अल काबीचे २०१८ मधील गोल पाहतो.