गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये मागे सुटा दाणा दिसतोय, तुकडा आहे का?

रावेरचा शेतकरी:
माय ५४ वर्षांची. बिबड्या करायला दोन दिवस पाटावर बसली, उठताना उजवा गुडघा धरला. काल एक्स-रे काढला, रिपोर्ट ‘नॉर्मल’. पण फिल्म खिडकीला धरून पाहिली तर बाजूच्या फोटोत गुडघ्यामागे तुरीएवढा पांढरा दाणा, हाडापासून सुटा. समोरच्या फोटोत दोन हाडांमध्ये काळी फट. शेजारचे नाना म्हणतात, तुकडा निघालाय अन् वंगणही संपलं. माय रात्री जेवलीच नाही. कुणी नीट समजावेल का?

भुसावळचा एक्स-रेवाला:
भाऊ, आधी मायला जेवू घाला. १९ वर्षं एक्स-रे काढतोय, ही फट बघून घाबरलेली माणसं रोज भेटतात.

फट रिकामी नसते. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं म्हणून हाड पांढरं. गादी म्हणजे कूर्चा, ती किरण फारसे अडवत नाही म्हणून तिथे काळं दिसतं. गादी झिजली की हाडं जवळ येतात अन् फट अरुंद होते. म्हणजे नानांनी उलटं वाचलं. फोटो उभं करून काढला की झोपवून, तेवढं विचारा. झोपवून काढला तर पायावर भार नसतो, झिजलेल्या गुडघ्यातही फट बरी दिसू शकते.

समोरच्या फोटोत वर मांडीच्या हाडाचे दोन गोलवे, खाली नडगीचा सपाट माथा. माथ्याच्या मधोमध दोन टोकं वर आलेली दिसतील, ती सगळ्यांनाच असतात. बारीक हाड ज्या बाजूला, ती पायाची बाहेरची बाजू. वाटी इथे मांडीच्या हाडावर पुसट सावलीसारखी असते, शोधावी लागते. बाजूच्या फोटोत स्वच्छ दिसते.

आता दाणा. त्याला फॅबेला म्हणतात, लॅटिनमध्ये अर्थच वालासारखं छोटं बी. पोटरीच्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मागे असतो. काहींना असतो, काहींना नसतो. त्याची कड बघा, गुळगुळीत असेल. मोडलेल्या तुकड्याची कड धारदार असते अन् तो जिथून निघाला तिथे हाडात खाच दिसते.

मात्र दुखणं खरं आहे. दोन हाडांमधली चकती अन् हाडांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध एक्स-रेत दिसत नाहीत. गुडघा अडकत असेल, सुजला असेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवा.

चोपड्याची ताई:
माझ्या ११ वर्षांच्या मुलाच्या फिल्ममध्ये दोन्ही हाडांना आडव्या काळ्या रेघा होत्या. मी रडलेच. डॉक्टर म्हणाले, ताई, इथूनच हाड वाढतं, मोठेपणी रेघ बुजते.

रावेरचा शेतकरी:
फोटो उभं करूनच काढलाय. सूज नाही. मायला दाणा दाखवला, कड गोल आहे. आता विचारते, डाव्या गुडघ्यातही असेल का?

भुसावळचा एक्स-रेवाला:
बऱ्याचदा दोन्हीकडे असतो. पण तेवढ्यासाठी दुसरा एक्स-रे काढू नका. अन् पाटाऐवजी मायला उंच स्टूल द्या.