‘पेज फॉल्ट’ म्हणजे पृष्ठदोष की खाडा?

दारव्ह्याहून विचारणा:
पदविकेच्या पोरांची ऑपरेटिंग सिस्टिमची शिकवणी घेतो. इंग्रजी पुस्तक वाचताना पोरं अडखळतात, म्हणून मराठीत टिपणं काढायला बसलो. ‘व्हर्च्युअल मेमरी’ला (डिस्कच्या आधारानं मेमरी आहे त्याहून मोठी भासवायची सोय) आभासी स्मृती चालून गेलं, ‘फ्रेम’ला (मेमरीतली एका पेजची जागा) चौकट चाललं. ‘पेज’ला, म्हणजे प्रोग्रामच्या ठरावीक मापाच्या तुकड्याला, पृष्ठ लिहावं की पान, यावर वेळ घालवायचा नाही, पान लिहिलं. गाडी अडली ती ‘पेज फॉल्ट’ आणि ‘पेज रिप्लेसमेंट’वर. एका ठिकाणी ‘पृष्ठदोष’ आणि ‘पृष्ठ प्रतिस्थापन’ असे शब्द दिसले. फळ्यावर ‘पृष्ठदोष’ लिहिला, तर एका पोरीनं विचारलं, “सर, मंग ते पान खराब झालं का?” पान खराब होत नाही. प्रोग्रामला हवं असलेलं पान त्या घडीला मेमरीत नसतं, एवढंच. ऑपरेटिंग सिस्टिम ते डिस्कवरून आणते आणि काम पुढं चालू होतं. यात दोष कुणाचाच नाही. जाणकारांनी शब्द सुचवावा.

चांदूर बाजारहून:
सर, ‘खाडा’ घ्या. घरात दुधाचं कॅलेंडर असतंच. ज्या दिवशी दूध आलं नाही त्या तारखेवर फुली, महिन्याअखेरी खाडे मोजायचे. खाडा म्हणजे दूध नासलं असं कुणी म्हणत नाही. दूध आलं नाही, बस. शिवाय खाडे मोजता येतात, आणि या विषयात सगळा हिशेबच मोजणीचा आहे. अमुक पद्धतीनं किती खाडे, तमुकनं किती.

‘रिप्लेसमेंट’ला माझी पसंती ‘बदली’. चौकटी भरलेल्या असल्या की नवीन पान बसवायला जुनं एक उठवावं लागतं. मराठीत बदली दोन्ही बाजूंनी चालते. मास्तरांची बदली होते म्हणजे ते जातात, आणि बदली कामगार येतो म्हणजे दुसऱ्याच्या जागी येतो. इथंही एक पान जातं, एक येतं. ‘प्रतिस्थापन’ ऐकून पोरांच्या डोळ्यांपुढं काहीच येत नाही.

मेहकरहून:
‘बदली’ हा शब्द मी पुढं ताणून पाहिला, बऱ्यापैकी ताणला जातो. कोणतं पान उठवायचं ते ठरवायच्या तीन पद्धती घ्या. ‘फिफो’त (फर्स्ट इन, फर्स्ट आउट) रुजू तारीख पाहतात: जो आधी आला त्याची बदली आधी, मग तो रोज राबत का असेना. ‘एलआरयू’त (लीस्ट रीसेंटली यूज्ड) शेवटची हजेरी पाहतात: ज्याच्याकडं सगळ्यात जास्त काळ कुणाला काम पडलं नाही, तो उठला. ‘एलएफयू’त (लीस्ट फ्रीक्वेंटली यूज्ड) एकूण हजेऱ्या मोजतात: ज्याच्या सगळ्यात कमी, तो उठला. एलआरयूचं भाषांतर ‘सर्वात कमी अलीकडे वापरलेले’ असं करतात, त्यात कुणालाच अर्थ लागत नाही. एलआरयू विचारतो ‘कधी’, एलएफयू विचारतो ‘किती वेळा’. टिपणात एवढी ओळ टाकली तरी परीक्षेतला अर्धा गोंधळ मिटेल.

आणि खाड्यांचा हिशेब घालायचाच तर सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घाला. पानं या क्रमानं मागितली जातात: 1, 2, 3, 4, 1, 2, 5, 1, 2, 3, 4, 5. सुरुवातीला चौकटी रिकाम्या. फिफोनं तीन चौकटींत 9 खाडे पडतात. आता चौकट वाढवून चार करा. खाडे कमी व्हावेत की नाही? होतात 10. कागदावर करून पाहा. चार चौकटींत 1 ते 4 बसले, मग 1 आणि 2 हजर सापडले, इथवर झकास. मग 5 आला. रुजू तारखेप्रमाणं 1 उठला, आणि लगेच पुढची मागणी 1 चीच. तो आणायला 2 उठवला, तर पुढची मागणी 2 ची. ज्याला उठवलं त्याचीच हाक पुढं, असं शेवटपर्यंत. चौकट वाढवूनही खाडे वाढतात, याला बेलाडीची विसंगती म्हणतात. लास्लो बेलाडी आयबीएम या संगणक कंपनीत होते. सहकाऱ्यांसोबत त्यांनी हा प्रकार 1969 मध्ये मांडला. याच क्रमावर एलआरयूला तीन चौकटींत 10 आणि चारांत 8 खाडे येतात, म्हणजे चौकट वाढली की उपयोग दिसतो. तीन चौकटींत फिफोच सरस ठरला, हेही पोरांना दाखवा. एलआरयू नेहमी जिंकतो अशी उगाच समजूत असते.

आरमोरीहून:
‘बदली’वर एक हरकत आहे जी. बदली झालेला मास्तर दुसऱ्या गावी रुजू होतो. पानाचं तसं दरवेळी नसते. पानावर मेमरीत काही लिहिलं गेलं असेल तरच ते डिस्कवर परत उतरवावं लागते, नाहीतर केलेलं काम वाया जाईल. पान नुसतं वाचलं असेल तर त्याची तशीच प्रत डिस्कवर पडलेलीच आहे. मेमरीतली टाकून दिली की झालं. म्हणून लिहिलेलं पान उठवणं महाग आणि नुसतं वाचलेलं पान उठवणं स्वस्त पडते. इंग्रजीत पहिल्याला ‘डर्टी’ म्हणतात. त्याला ‘बदललेलं पान’ म्हणू नका, ‘बदली झालेलं पान’शी गल्लत होईल. ‘लिहितं पान’ कसं वाटते?

कॅशचं आणखी वेगळं. कॅश म्हणजे एकदा आणलेलं पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेला साठा. ब्राउझरच्या कॅशमधून एखादं चित्र काढलं तर ते तुमच्या मशीनवरून गेलंच. पुन्हा लागलं तर सर्व्हरकडून आणा. तिथं ‘बदली’पेक्षा ‘काढून टाकणे’ बरं.

चांदूर बाजारहून:
हरकत मान्य. तरीपण एकूण क्रियेला बदली म्हणावं, कारण जागा एक आणि माणसं दोन हा मुद्दा त्यात उभा राहतो. उठवलेल्या पानाला मात्र ‘बळी’ लिहू नका. इंग्रजीत ‘व्हिक्टिम’ म्हणतात म्हणून मराठीत बळी लिहिलेला पाहिला आहे. आपल्या भागात हा शब्द आधीच दोन अर्थांनी जड झालेला आहे. ‘उठवलेलं पान’ पुरे.

तेल्हाऱ्याहून:
मी काही शिकवत नाही, एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्या यादीत ‘कॅश’ला मराठी शब्द आला नाही, आणि आमचं डोकं त्यानंच उठवलं आहे. परवा एक बुढे बाबा फोन घेऊन आले, “लय अटकून रायला बाप्पा.” म्हटलं, कॅश साफ करून देतो. बाबांनी फोन ओढूनच घेतला. “साफ कायले करतं? किसानचे दोन हजार आत्ताच जमा झाले न!” मराठीत रोकडही कॅश आणि हेही कॅश, समजवावं कसं? तेव्हापासून मी ‘साठलेलं’ म्हणतो. आणि खरं सांगू, कॅश साफ केल्यानं फोन पळायला लागत नाही. जागा मोकळी होते, पण ॲपला तेच सारं पुन्हा नेटवरून ओढावं लागते. गावात रेंज एक कांडी, मंग ॲप पहिल्यापेक्षा हळू उघडते. गिऱ्हाईक पुन्हा येते.

मेहकरहून:
शब्दाचं मूळ मजेशीर आहे. फ्रेंचमध्ये ‘काशे’ म्हणजे लपवणे. त्यावरून लपवून ठेवलेला साठा तो कॅश. 1968 मध्ये आयबीएमच्या सिस्टिम/360 मॉडेल 85 या संगणकावर लेख येणार होता. त्यात ‘हाय-स्पीड बफर’ असा बोजड शब्द होता. आयबीएमच्या नियतकालिकाचे संपादक लाइल जॉन्सन यांनी ‘कॅश’ सुचवला आणि तोच रूढ झाला. अर्थ लपवलेला साठा, म्हणून इथं कुणी तरी ‘पेव’ सुचवणारच, तेव्हा आधीच सांगतो: पेव उलटं पडतं. ते जमिनीखाली, वर्षाकाठी उघडायचं, आणि उघडल्यावर आतली हवा जाऊ दिल्याशिवाय माणूस उतरवत नाहीत. इथं तर हात लांबवला की मिळालं पाहिजे. कॅशला ‘हातसाठा’ म्हणा. दुकानदार भाऊंनी बाबांना ‘हातसाठा’ म्हणून पाहावं आणि काय होतं ते कळवावं.

दारव्ह्याहून:
खाडा, बदली, लिहितं पान, हातसाठा: चारही घेतले. अजून एक अडलं आहे. एका पोराच्या मोबाइलनं ‘थ्रॅशिंग’चं भाषांतर ‘मळणी’ केलं आणि त्यानं उत्तरपत्रिकेत ‘थ्रॅशिंगची कारणे लिहा’ला खुशाल सोयाबीनच्या मळणीचं चित्र काढलं. शब्दकोशाच्या दृष्टीनं फार चूकही नाही, इंग्रजीत थ्रॅश आणि थ्रेश मुळात एकच. पण मळणीतून दाणे निघतात, थ्रॅशिंगमध्ये पानांची नुसती ये-जा होते, काम काहीच होत नाही. याला शब्द सुचवा.

आरमोरीहून:
‘हेलपाटे’ लिहा. पान आणलं, दुसरं लागलं म्हणून ते उठवलं, परत तेच लागलं. प्रोसेसर रिकामा, डिस्कला मात्र उसंत नाही. सारा वेळ ये-जा करण्यातच गेला आणि काम शून्य, याला हेलपाट्यांहून चांगला शब्द नाही. एलआरयूत हेलपाटे पाहायचे असतील तर चार चौकटी घ्या आणि 1, 2, 3, 4, 5 ही पाच पानं गोलगोल मागा. ज्याला उठवाल तेच पुढच्या क्षणी लागेल. दरवेळी खाडा, एकही हजेरी नाही. मोठी फाइल पुन्हापुन्हा वाचणाऱ्या प्रोग्रामात हे खरोखर घडते, म्हणून पानांच्या बदलीला शुद्ध एलआरयू सहसा कुणी वापरत नाही. दुसरं कारण असं, की दरेक वेळी पानाला हात लागला की वेळ नोंदवायची म्हटलं तर नोंदणीतच मशीन दमेल.

म्हणून काट्याची युक्ती. पानाला हात लागला की हार्डवेअर एक खूण लावते. चौकटी घड्याळासारख्या गोल मांडलेल्या समजा. जागा हवी झाली की काटा फिरतो: खूण दिसली तर पुसतो आणि पुढं जातो, खूण नसलेलं पहिलं पान उठवतो. शेवटची हजेरी नेमकी कधीची ते यात कळत नाही. मागच्या फेरीनंतर आला होता की नाही एवढंच कळते. तेवढ्यावर भागते.

मेहकरहून:
या साऱ्याची सुरुवात मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकापासून, 1962. मुख्य मेमरीत 32 पानं, पान 512 शब्दांचं, मागं डिस्कच्या जागी फिरता चुंबकीय ड्रम. कोणतं पान किती वेळ पडून होतं ते पाहून पुढचा अंदाज बांधणारा प्रोग्राम त्यात तेव्हाच होता. बेलाडींनी 1966 मध्ये आदर्श पद्धत दाखवली: जे पान सगळ्यात उशिरा लागणार आहे ते उठवा. मी वर दिलेल्या बारा मागण्यांच्या क्रमावर तिचे तीन चौकटींत 7 खाडे. अडचण एवढीच, की पुढं काय लागणार ते आधी ठाऊक पाहिजे. मोजपट्टी म्हणून ती कामाची, चालवायला नाही.

दारव्ह्याहून:
हेलपाटे घेतला. शेवटचं: ‘वर्किंग सेट’?

चांदूर बाजारहून:
‘पसारा’. प्रोग्रामनं अलीकडच्या काळात ज्या पानांना हात लावला तेवढी पानं म्हणजे त्याचा पसारा. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी 1968 मध्ये मांडली. सगळ्या प्रोग्रामांचे पसारे मिळून चौकटींत मावत नसतील तर कोणतीही बदली पद्धत लावा, हेलपाटे चुकत नाहीत. एखादा प्रोग्राम थोडा वेळ थांबवावा लागतो. फक्त टिपणात ‘अलीकडचा काळ’ किती धरला ते लिहा. तो फार आखूड धरला तर पसारा खोटा लहान दिसतो, फार लांब धरला तर कालची पानंही त्यात गोळा होतात.