'नामुस'मधली आई: ही हास्मिक कोण?

ओटीवरून:
मंडळी, परवा रात्री 'नामुस' पाहिला. आर्मेनियाचा पहिला कथापट, १९२५ चा, दिग्दर्शक हामो बेकनझारोव. सुसान आणि सेयरानचं लग्न लहानपणीच ठरलंय. पण लग्नाआधी दोघं चोरून भेटतात, ते कोणीतरी बघतं, गावभर होतं आणि बाप अब्रूपायी पोरीला दुसऱ्याच घरी देऊन टाकतो. नामुस म्हणजे अब्रूच. शेवट सांगत नाही, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही एवढंच.

माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये ती सुसानची आई, मरियम. एक तर मूकपट, त्यात त्या घरात बाईला बोलायची मुभा नाही. नवरा ठरवणार, ही बघणार.

मी हौशी नाटकांत काम करते. तिशीतच आईच्या भूमिका वाट्याला आल्या. आई म्हणजे पदराने डोळे टिपून कडेला उभं राहायचं, एवढंच मला शिकवलं गेलं. ही बाईसुद्धा कडेलाच आहे, पण माझी नजर तिच्यावरून हलेना. श्रेयनामावलीत नाव फक्त 'हास्मिक'. आडनाव नाही, काही नाही. कोणाला माहिती आहे?

मागची रांग:
ताई, बरं झालं विचारलंत. हास्मिक हे तिचं रंगभूमीवरचं नाव. खरं नाव तागुही हाकोब्यान, जन्म नखिचेवानचा. आर्मेनियन भाषेत तागुही म्हणजे राणी आणि हास्मिक म्हणजे जाई. राणीची जाई झाली आणि लोकांनी तेच नाव लक्षात ठेवलं.

'नामुस' केला तेव्हा तिने पंचेचाळिशी ओलांडली होती. नाटकात मुरलेली बाई होती ती. त्या पिढीच्या आर्मेनियन नाटकवाल्यांचं मोठं केंद्र तिफ्लिस, म्हणजे आजच्या जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. आर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथे पहिलं सरकारी नाट्यगृह जानेवारी १९२२ मध्ये उघडलं, तेही गाब्रिएल सुंदुक्यान यांच्या 'पेपो' नाटकाने. आज ते सुंदुक्यान यांच्याच नावाने ओळखलं जातं. हास्मिक या नाट्यगृहाच्या पहिल्या फळीतली.

तिचं खरं मोठेपण बघायचं तर 'पेपो' चित्रपट बघा, १९३५ चा. पहिला आर्मेनियन बोलपट, दिग्दर्शक पुन्हा बेकनझारोव, संगीत अराम खाचातुरियान यांचं. तिफ्लिसचा गरीब मासेमार पेपो. बापाने सावकाराकडे ठेवलेले पैसे बहिणीच्या हुंड्यासाठी हवेत, पण कागद हरवलाय आणि सावकार सरळ कानावर हात ठेवतो. हास्मिक पेपोची आई, शुशान. ही भूमिका तिने रंगमंचावरही गाजवली होती. पेपो तडकणारा, आणि आई घर सांभाळत त्याला आवरणारी. माझ्या मते सगळ्या चित्रपटाचा तोल तिच्यामुळे राहतो. एरवी तो नुसता सावकार विरुद्ध गरीब असा सामना झाला असता.

त्याच वर्षी तिला आर्मेनियाची 'लोककलावंत' ही पदवी मिळाली. १९४७ मध्ये येरेवानला वारली. अधेमध्ये 'झारे' (१९२६) आहे, यझिदी कुर्दांच्या जीवनावरचा. तोही चुकवू नका.

प्रॉम्प्टर:
हास्मिकच्या आधीच्या पिढीतली सिरानुश हे नावही टिपून ठेवा. मूळची कॉन्स्टँटिनोपलची, मेरोपे कांतार्जियान. बाईने हॅम्लेट केला! ओफेलिया नव्हे, हॅम्लेट. १९३२ मध्ये कैरोला वारली. चित्रपटाच्या पडद्यावर हास्मिकसारख्या बायका ठामपणे उभ्या राहिल्या, त्यामागे अशा बायकांनी गावोगाव केलेले प्रयोग होते, असं मला मनापासून वाटतं.

ओटीवरून:
दोघांचे आभार. 'पेपो' काल बघितला. भाषेचं अक्षर कळत नाही, तरी मुलाला हाक मारतानाचा तिचा आवाज अजून कानात आहे. 'नामुस'मध्ये दहा वर्षांपूर्वी ज्या बाईचं तोंड बंद होतं, तिचा आवाज ऐकून मला रडू आलं.

आज तालीम होती. मुलीला घराबाहेर काढतात त्या प्रवेशात मी पदर डोळ्यांना लावलाच नाही. हात मांडीवर ठेवले आणि नुसती तिच्याकडे बघत राहिले. समोरची पोर तिचं वाक्यच विसरली. प्रवेश पुन्हा पहिल्यापासून घेतला.