दुर्गम शाळांसाठी शिक्षक भरतीचे नियम सैल करावेत का?

मेळघाटवाला:
करावेत. धारणी-चिखलदऱ्यात पहिलीतलं पोर घरी कोरकू बोलतं. बाहेरून आलेले गुरुजी मराठीत शिकवतात आणि निम्मं वर्ष दोघं एकमेकांकडे नुसते बघत राहतात. गावातला डीएड झालेला मुलगा मात्र टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) निघाली नाही म्हणून घरी बसून. त्याला तीन वर्षांत टीईटी काढायच्या अटीवर नेमा, एवढंच म्हणणं आहे.

नियमावर बोट:
अशी सूट देऊन झालीय. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, लागू झाला तेव्हा पात्रता मिळवायला पाच वर्षं दिली, मग २०१७ मध्ये कायदा बदलून ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत ताणली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं? निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील तर सेवेतल्यांनीही दोन वर्षांत टीईटी काढायची. तुमच्या मुलाची मुदत संपली की त्याला घरी कोण पाठवणार? एकही आमदार पुढे येणार नाही. शिवाय पेसा (आदिवासी भागांसाठीचा कायदा) क्षेत्रातली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठीच होती. ती भरती कोर्टकज्ज्यात अडकली, टीईटीमुळे नाही.

मेळघाटवाला:
अडकली, म्हणूनच २०२४ मध्ये सरकारनं पेसाच्या उमेदवारांना मानधनावर घ्यायचं ठरवलं ना? म्हणजे मनात असलं की वाट निघते.

डीएडचा बळी:
निघते, पण आमच्या पाठीवरून. २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना सत्तरीपर्यंत २० हजारांवर बोलावलं. त्याच वेळी रीतसर परीक्षा देऊन प्राथमिकला लागणाऱ्या शिक्षणसेवकाला तीन वर्षं १६ हजार! पेन्शनवाल्याला जास्त, नव्याला कमी. तुमची ही लवचिकता दरवेळी पगारातच का दिसते?

अवघड क्षेत्रातला गुरुजी:
आमच्या शाळेत कागदोपत्री दोघं. एक जण बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामात किंवा तालुक्याच्या बैठकीत, की चारही वर्ग माझ्याकडे. शिथिल करायचंच असेल तर आमच्या मागची ही अशैक्षणिक कामं शिथिल करा. आणि बदली झाली तरी बदली शिक्षक हजर होईपर्यंत आधीच्याला कार्यमुक्त करू नका. याला नवा कायदा लागत नाही, जिल्हा परिषदेच्या सीईओंनी मनावर घेतलं तरी पुरे.

मेळघाटवाला:
मान्य, गुरुजी. पण इकडे यायला कुणी तयारच नसेल तर तुम्ही कार्यमुक्त कधी होणार? मी तेच तर सांगतोय, गावातला माणूस घ्या.