प्रतिसाद: शिकारीची पिढी कुठे गेली?

भाऊ, अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारी तरुण पोरं कमी होत चालली, तसंच आपल्याकडेही झालं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. तिथे शिकार कायदेशीर आहे, बंदुका-काडतुसांवरचा कर 1937 च्या कायद्यानुसार वन्यजीव संवर्धनाला जातो. शिकारी घटले की तो पैसाही आटतो, म्हणून त्यांची काळजी रास्त आहे.

खान्देशात आधी हरणांच्या जागा गेल्या. माळरानं नांगरली गेली, विहिरी-बोअर झाले, कापूस आणि केळी आली. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट, चिंकारा त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, मारलं तर 3 ते 7 वर्षं कैद. हे योग्यच झालं.

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. दारू ठासायचा गज, शिंगात भरलेली दारू, सगळं खुंटीला. पण हाका घालायला, म्हणजे जनावर हाकलत बंदुकीपुढे आणायला, माणसं लागायची ती भिल्ल पाड्यावरची. माग काढणारे तेच, वाटा मात्र बंदूकवाल्याचा मोठा. ही गोष्ट आपण सोयीनं विसरतो, आणि फासे लावून शिकार करणाऱ्या फासेपारधी जमातीतल्या लोकांना तर आजही नुसत्या जातीवरून संशयित धरतात. याची मला चीड येते.

आता रात्री हरभऱ्यात नीलगाई शिरतात, तेव्हा पोरं बॅटरी घेऊन शेतातल्या माळ्यावर जागतात, फटाके फोडतात, सकाळी पंचनाम्यासाठी वनरक्षकाला फोन लावतात. रानात ती आजही जातात. आणि माग ओळखणारे म्हातारे अजून पाड्यांवर आहेत; वनखात्यानं त्यांना रोजंदारीवर नव्हे, कायम कामावर घ्यावं.