‘डिक्की पडून राहिली’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न

मी मूळचा कोल्हापूरकडचा असून नोकरीनिमित्त वरुड तालुक्यातील एका गावी राहतो. आमच्या संस्थेची पाच दारांची लहान मोटार माझ्या देखरेखीखाली असते. तिची डिक्की उघडल्यावर वर थांबायला हवी, परंतु अलीकडे हात काढला की ती हळूहळू खाली येते, आणि पहाटेच्या थंडीत तर सामान काढणाऱ्याच्या पाठीवरच येते. गावातील मेकॅनिककडे गाडी पाठवली, तेव्हा त्यांनी फोनवर असे सांगितले : “सर, डिक्की पडून राहिली. शॉकर गेले. जोडी आणा, अर्ध्या घंट्यात लावून देतो.”

आमच्याकडे ‘पडून राहिली’ याचा अर्थ एखादी वस्तू तशीच पडलेली राहिली, असा होतो. म्हणजे झाकण निखळून खाली पडले आहे काय? दुसरे असे की, ‘शॉकर’ म्हणजे चाकांजवळचे शॉकअप असतील, तर त्यांचा डिक्कीशी काय संबंध? सुटा भाग मागवण्यासाठी मला अमरावतीच्या कार्यालयाकडे लेखी मागणी करायची आहे. ती कोणत्या शब्दांत करावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

आपल्या मेकॅनिकने निदान अचूक केले आहे, आणि येथील बोलीत ते तितक्याच अचूकपणे सांगितलेही आहे. झाकण निखळलेले नाही. ‘डिक्की पडून राहिली’ म्हणजे ‘डिक्की पडते आहे, वर थांबत नाही’.

विदर्भात धातूला ‘ऊन’ लावून त्यापुढे ‘राहणे’चे रूप जोडले की चालू असलेली क्रिया व्यक्त होते. ‘तो येऊन राहिला’ म्हणजे तो येत आहे. ‘पाणी पडून राहिलं’ म्हणजे पाऊस पडत आहे. ‘राहिला’ हे रूप दिसायला भूतकाळाचे असले, तरी येथे काळ वर्तमानच असतो, आणि भूतकाळ सांगायचा झाल्यास ‘येऊन राहिला होता’ असे म्हणावे लागते. हिंदीतील ‘आ रहा है’ या रचनेशी तिचे साम्य उघड आहे. तरीही ही हिंदी घुसलेली मराठी आहे, असे म्हणून तिला नावे ठेवणे मला मुळीच मान्य नाही, कारण तिच्यातील दोन्ही शब्द मराठी आहेत, तिचा नियम ठरलेला आहे आणि त्या नियमाने बोलणाऱ्यांचे आपसांत कधी अडत नाही.

अडते ते आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांचे, आणि तेही काही ठरावीक धातूंपाशी. ‘येणे’, ‘खाणे’, ‘धुणे’ यांच्याबाबत घोटाळा होत नाही, कारण ‘खाऊन राहिला’ याला प्रमाण मराठीत दुसरा रूढ अर्थच नाही. मात्र ‘पडून राहणे’, ‘बसून राहणे’, ‘टिकून राहणे’ हे प्रयोग सगळ्या महाराष्ट्रात ‘त्याच स्थितीत असणे’ या अर्थाने चालतात, आणि विदर्भातही तो अर्थ जिवंत आहे. ‘भाव नसल्यामुळे कापूस घरातच पडून राहिला’ असे येथील शेतकरी म्हणतो, तेव्हा कापूस पडतो आहे असे त्याला म्हणायचे नसते. ऐकणाऱ्याने संदर्भ पाहावा लागतो : वरून खाली येऊ शकणारी वस्तू असेल तर क्रिया चालू आहे, आणि आधीच खाली असलेली वस्तू असेल तर ती तशीच आहे.

याहून धोक्याचा प्रयोग आपल्या प्रश्नात आलेला नाही, पण मेकॅनिकशी बोलताना तो आपल्याकडून सहज होऊ शकतो. ‘डिक्की उघडून राहिली नाही’ असे आपण म्हणालात, तर आपल्या मनात ‘उघडल्यावर तशी राहिली नाही’ असे असेल, परंतु विदर्भातील माणूस त्याचा अर्थ ‘डिक्की उघडत नाही’ असा घेईल आणि थेट कुलूप व त्याची केबल तपासायला लागेल. ‘उघडून’ऐवजी ‘उघडी’ हे विशेषण वापरले की हा गोंधळ मिटतो. ‘डिक्की उघडी राहत नाही’ या वाक्याचा अर्थ वरुडला आणि कोल्हापूरला एकच आहे. ‘उघडत नाही’ आणि ‘लागत नाही’ या दोन तक्रारी कुलपाच्या आहेत. ‘उघडी राहत नाही’ ही तक्रार झाकणाला तोलून धरणाऱ्या भागाची आहे. म्हणून एका अक्षराचा फरक येथे निराळ्या दुरुस्तीकडे नेतो.

‘डिक्की’ या शब्दाविषयी थोडक्यात. जुन्या बग्ग्यांच्या आणि मोटारींच्या मागच्या बाजूला उघडे बैठकीचे आसन असे, त्याचे इंग्रजी नाव आपल्याकडे सामान ठेवण्याच्या कप्प्याला चिकटले, आणि पुढे स्कूटरच्या कप्प्यालाही तेच लागले. मराठीत हा शब्द स्त्रीलिंगी असून त्याचे अनेकवचन ‘डिक्क्या’ असे होते. बोलताना कप्पा आणि झाकण या दोन्हींना आपण डिक्कीच म्हणतो : ‘खताची थैली डिक्कीत टाक’ यात कप्पा आहे, ‘डिक्की पडली’ यात झाकण आहे. लेखी मागणीत मात्र ‘डिक्कीचे झाकण’ असे स्पष्ट लिहावे. ‘मागचा दरवाजा’ हा पर्याय चुकीचा नाही, पण बोलेरोसारख्या गाडीचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो आणि तेथे वर तोलून धरण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे कागद वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहू शकते.

आता ‘शॉकर’. चाकांजवळचा शॉकअप आणि डिक्कीचा शॉकर हे दिसायला भाऊ आहेत, पण त्यांचे काम वेगळे आहे. चाकाजवळचा शॉकअप धक्का जिरवतो आणि गाडीचे हेलकावे थांबवतो. डिक्कीचा शॉकर झाकणाला वर ढकलतो आणि तेथे तोलून धरतो. त्याच्या बंद नळीत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो, सोबत थोडे तेल असते, आणि गुळगुळीत चकचकीत दांडा आतबाहेर होतो. हा वायू सतत दांड्याला बाहेर रेटत असतो. दांड्याभोवतीचे सील झिजले की वायू हळूहळू निसटतो, जोर कमी होतो आणि झाकण खाली येऊ लागते. मेकॅनिक ‘गॅस गेला’ म्हणतात ते यालाच. दुकानात नुसते ‘मागचे शॉकअप’ मागितले, तर दुकानदार मागच्या चाकांचेच काढून देईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. ‘डिक्कीचे शॉकर, एक जोडी’ असे म्हणावे. यासाठी ‘वायुदांडा’ असा एखादा नवा शब्द घडवता येईल, पण तो घेऊन दुकानात गेल्यास वस्तू मिळणार नाही. जो शब्द मागितल्यावर वस्तू हातात येते, तोच मी योग्य मानतो.

थंडीत झाकण जास्त लवकर खाली येते, हे आपले निरीक्षण अगदी खरे आहे. बंद नळीतील वायूचा दाब तापमानाबरोबर कमीजास्त होतो. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी ४५ अंश सेल्सिअस होते, आणि थंडीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. तेवढ्या फरकाने दाब सुमारे ११ टक्के उतरतो. नव्या शॉकरमध्ये जोर राखीव असतो, म्हणून तेथे हे जाणवत नाही. अर्धवट रिकामा झालेला शॉकर मात्र दुपारी झाकण धरतो आणि पहाटे सोडून देतो. आंबिया बहाराची संत्री काढण्याच्या दिवसांत ऐन थंडीत क्रेट भरताना ही तक्रार जास्त ऐकू येते, ती यामुळेच.

जोडी मागवण्याआधी जुन्या शॉकरच्या नळीवर छापलेला मजकूर पुसून वाचावा. तेथे सुट्या भागाचा क्रमांक असतो, आणि बहुधा जोरही न्यूटनमध्ये दिलेला असतो. समजा ३५० न्यूटन लिहिलेले असेल, तर तो जोर साधारण ३५ किलो वजनाइतका झाला. झाकण एवढे जड नसते, परंतु शॉकर बिजागरीच्या जवळ जोडलेला असल्यामुळे त्याला झाकणाच्या वजनाहून जास्त रेटावे लागते. त्यामुळे लांबी जुळली म्हणून कमी जोराचा शॉकर घेऊ नये. जास्त जोराचाही घेऊ नये, कारण मग झाकण लावताना ताकद लागते आणि बिजागरीवर ताण येतो. एकच शॉकर खराब दिसत असला, तरी दोन्ही बदलावेत, नाहीतर झाकण एका अंगाला ओढले जाते.

बदलण्याचे काम खरोखरच अर्ध्या तासाचे आहे, पण त्यातला धोका आधी ओळखावा. शॉकर काढताच झाकणाला कशाचाच आधार उरत नाही. म्हणून प्रथम मजबूत बांबूचा किंवा लाकडाचा टेकू लावावा आणि शक्य असल्यास दुसऱ्या माणसाला झाकण धरायला सांगावे. ‘टेकू’ हा शब्द येथे मला फार चपखल वाटतो. बैल सोडल्यावर गाडीच्या धुरेखाली जो लावतात, तोच हा टेकू : तो ढकलत नाही, उचलत नाही, फक्त भार घेऊन उभा राहतो. त्याचे वरचे टोक काचेवर किंवा प्लॅस्टिकच्या आवरणावर न टेकवता पत्र्याच्या मजबूत कडेवर टेकवावे, आणि तेथे फडक्याची घडी ठेवावी.

शॉकरच्या दोन्ही टोकांना वाटीसारखी खोबण असते, ती गाडीवरच्या गोल डोक्याच्या बोल्टवर बसलेली असते, आणि वाटीला बाहेरून पोलादी तारेची किंवा पट्टीची क्लिप असते. लहान पेचकसाचे टोक त्या क्लिपखाली घालून ती थोडी उचलावी, पूर्ण उपसू नये. क्लिप सैल झाली की वाटी हाताने बाहेर ओढली जाते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. नवा शॉकर बसवताना वाटी बोल्टच्या डोक्यावर ठेवून तळहाताने दाबली की तसाच आवाज येतो. आवाज आला नाही, तर ती बसलेली नाही असे समजावे. डिक्की बंद असताना चकचकीत दांड्याचे टोक नळीपेक्षा खाली राहील, अशा बेताने शॉकर बसवावा, म्हणजे आतले तेल सीलवर राहते आणि सील कोरडे पडत नाही. काही गाड्यांत मात्र कंपनीनेच रचना वेगळी ठेवलेली असते, म्हणून जुना शॉकर काढण्यापूर्वी तो कसा बसला होता हे पाहून ठेवावे.

दांडा पक्कडीने धरू नये. त्यावर एक ओरखडा पडला तरी तो दर वेळी आतबाहेर होताना सील कापतो, आणि नवी जोडी काही महिन्यांत जुनीसारखी होते. जुना शॉकर कापणे, त्याला भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा कचऱ्याबरोबर जाळणे तर कधीही करू नये. डिक्की पडू लागली तरी आत बराच दाब शिल्लक असू शकतो, आणि तापल्यावर नळी फुटून जीवघेणी इजा होऊ शकते. ही गोष्ट भंगारवाल्यालाही आवर्जून सांगावी.

पुरवणी, दुसऱ्या वाचकाकडून

वरील उत्तर मागे उभे उघडणारे दार असलेल्या गाडीपुरते खरे आहे. मागे स्वतंत्र चौकोनी डिक्की असलेल्या बऱ्याच सेडान गाड्यांत शॉकर नसतात. तेथे बिजागऱ्यांच्या मधोमध, मागच्या सीटमागच्या फळीखाली, पोलादाच्या दोन लांब सळया एकमेकींना ओलांडून बसवलेल्या असतात. त्यांना पीळ दिलेला असतो आणि तो पीळ सुटू पाहतो, त्या जोरावर झाकण वर राहते. अशा गाडीच्या दुकानात ‘डिक्कीचे शॉकर द्या’ म्हटले, तर दुकानदार गाडीचे नाव ऐकूनच नाही म्हणेल. कंपनीने पकडीसाठी एकाहून अधिक खाचा ठेवल्या असतील, तर सळईचे टोक पुढच्या खाचेत सरकवून पीळ वाढवता येतो. पण ते काम योग्य अवजाराशिवाय कोणी करू नये, कारण सळई निसटली तर बोटे वाचत नाहीत. आमच्याकडे या सळईला ‘डिक्कीची स्प्रिंग’ म्हणतात. ती गुंडाळलेली नसली तरी पिळाच्या जोरावर चालते, तेव्हा हा शब्द मला चुकीचा वाटत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमची गाडी पहिल्या प्रकारातली आहे आणि नळीवर क्रमांकही सापडला. मागणीचा मसुदा असा केला आहे : ‘संस्थेच्या वाहनाची डिक्की उघडून राहत नसल्याने शॉकअप बदलणे आवश्यक आहे.’ तो ठीक आहे काय?

उत्तर

आपला मसुदा अमरावतीच्या कार्यालयात वाचला जाणार आहे, म्हणून ‘उघडून राहत नसल्याने’ हे शब्द आधी काढावेत. तेथील लिपिक त्यावरून कुलपाची केबल मंजूर करील. ‘शॉकअप’ही काढावा, आणि संख्या लिहावी. मी असे लिहीन : ‘संस्थेच्या वाहनाच्या डिक्कीचे झाकण उघडल्यानंतर उघडे राहत नाही व आपोआप खाली येते. त्यामुळे सामान काढताना इजा होण्याचा धोका आहे. झाकणाच्या दोन्ही बाजूंचे शॉकर निकामी झाले असून, डिक्कीच्या शॉकरची एक जोडी मंजूर करावी, ही विनंती.’ याखाली गाडीचे नाव, तिच्या निर्मितीचे वर्ष आणि नळीवरचा क्रमांक नळीवर आहे तसाच, अक्षरे आणि आकडे न बदलता उतरवावा. त्याच नावाच्या गाडीचा आकार कंपनीने मधल्या काळात बदललेला असू शकतो, आणि तशा वेळी जुन्या व नव्या गाडीचे शॉकर एकमेकांना लागत नाहीत.